नागरिक म्हणजे निवाडा करणारा: अथेन्सकडून आज काय घ्यायचे

नागरिकाच्या कर्तव्यांबद्दल मला नेहमी एक प्रश्न तीन भागांत विचारला जातो. सॉक्रेटिस या तत्त्वज्ञाला प्राचीन ग्रीसमधल्या लोकशाही अथेन्सनेच विष प्यायला लावले, त्याचा शिष्य प्लेटो याला लोकशाही पसंत नव्हती, ॲरिस्टॉटलने गुलामगिरीचे समर्थन केले. मग आजच्या लोकशाहीतल्या नागरिकाने आपली कर्तव्ये समजून घ्यायला यांच्याकडे का जावे? दुसरा भाग: मतदान केले, कर भरला, कायदा पाळला, एवढ्यावर नागरिकाचे काम संपते का? आणि तिसरा: एकट्याने काही केले तर फरक पडतो का?

मी आयुष्यभर राजकीय विचार शिकवत आलो आणि ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गांतही बोलत आलो. वर्गातली मुले आणि पंचायतीतले सदस्य वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारतात. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. ग्रीकांकडून घ्यायची सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे नागरिकाची त्यांची व्याख्या. त्यांच्या लेखी नागरिक हा निवाडा करणारा माणूस होता. राज्यकर्त्यांना निवडणारा हे त्याचे फार छोटे रूप. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल यांनी लोकशाहीवर जी टीका केली, ती बहुतेक या निवाड्याच्या दर्जावरची आहे. म्हणून ती आपल्याला हवी आहे, आणि आज जास्तच हवी आहे.

आधी ॲरिस्टॉटल. आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो नागरिक कोण, हे ठरवायला बसतो आणि एकेक उत्तर बाजूला सारत जातो. एखाद्या शहरात राहतो म्हणून माणूस नागरिक होत नाही; परके रहिवासी आणि गुलामही तिथेच राहतात. कोर्टात दावा लावता येतो म्हणूनही नाही; करारामुळे तो हक्क बाहेरच्यांनाही मिळतो. मग उरते काय? निवाड्यात आणि अधिकारपदात ज्याचा वाटा आहे, तो नागरिक. आणि चांगला नागरिक तो, ज्याला आळीपाळीने राज्य करता येते आणि दुसऱ्याच्या राज्याखाली राहताही येते. हे लिहिणारा माणूस स्वतः उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावचा. अथेन्समध्ये त्याने दोन तपांहून जास्त काळ काढला, पण परका रहिवासी म्हणूनच. सभेत त्याला मत नव्हते, न्यायमंडळात जागा नव्हती. जो वाटा आपल्याला कधीच मिळाला नाही त्याचे मोल तो इतक्या बारकाईने सांगतो, हे वाचताना मला दरवेळी जाणवते.

हा वाटा कागदावरचा नव्हता. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रत्यक्ष लोकशाही’ असे दोन शब्द लिहून विषय संपतो, म्हणून अथेन्समधल्या न्यायालयाची एक सकाळ जरा जवळून पाहू. दरवर्षी तिशी ओलांडलेल्या नागरिकांतून ६,००० जण चिठ्ठीने न्यायमंडळासाठी काढले जात. त्या दिवशी काम करायचे असेल तर माणूस पहाटे आपली छोटी पट्टी घेऊन येई. पट्टीवर त्याचे नाव, बापाचे नाव आणि गाव. दगडात खाचांच्या रांगा कोरलेल्या यंत्रात या पट्ट्या अडकवत. बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडले की त्या गोळ्याच्या रंगावरून अख्खी आडवी रांग आत किंवा बाहेर जाई. अशा यंत्राचा एक तुकडा आजही अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे. निवड झालेल्याने भांड्यातून अक्षर कोरलेले एक फळ उचलायचे. त्या अक्षरावरून कोणत्या न्यायालयात बसायचे ते ठरे. हाती त्या न्यायालयाच्या रंगाची काठी मिळे. एवढा खटाटोप एकाच कारणासाठी: कोण कोणत्या खटल्याला बसणार हे आदल्या रात्री कोणालाच कळू नये, म्हणजे लाच द्यायची तरी कोणाला?

मग २०१, ४०१, ५०१ जणांसमोर दोन्ही बाजूंची भाषणे होत. वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजत. उत्खननात सापडलेले असे एक मातीचे भांडे सुमारे ६.४ लिटरचे आहे आणि ते रिकामे व्हायला साधारण सहा मिनिटे लागतात. त्यावर अँटिओखिस या टोळीचे नाव आहे; अथेन्सचे सगळे नागरिक अशा दहा टोळ्यांत वाटलेले होते. सॉक्रेटिस याच टोळीचा. भाषणे झाली की प्रत्येकाला कांस्याच्या दोन चकत्या मिळत, मधून दांडी गेलेल्या. एकीची दांडी पोकळ, ती फिर्यादीच्या बाजूची. दुसरीची भरीव, ती आरोपीच्या बाजूची. दांडीची दोन्ही टोके बोटांच्या चिमटीत धरली की बघणाऱ्याला कोणती चकती कुठे पडली ते कळत नसे. वर न्यायाधीश नाही, कायदा समजावून सांगणारा वकील नाही. दिवसाचा भत्ता आधी दोन ओबोल (छोटी नाणी) होता, पुढे तीन झाला. भत्ता सुरू केला अथेन्सचा मोठा पुढारी पेरिक्लिस याने, म्हणजे हातावर पोट असलेल्यालाही मजुरी बुडवून न्यायाला बसता यावे.

हे सगळे आपल्याला कळते त्यातला मोठा भाग एका पपायरसमुळे. अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ॲरिस्टॉटलच्या शाळेतला ग्रंथ शतकानुशतके हरवला होता. इजिप्तमध्ये एका शेताच्या हिशेबाच्या कागदांच्या पाठीमागे कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती; ती १८९१ मध्ये छापली गेली.

कोर्टासारखीच ५०० जणांची परिषद. तीही चिठ्ठीने, एका वर्षासाठी, आणि आयुष्यात दोनदापेक्षा जास्त नाही. त्यातले एकेका टोळीचे ५० जण आळीपाळीने वर्षाचा एक दशांश काळ रोजचा कारभार पाहत. त्यांतला एक जण, पुन्हा चिठ्ठीने, एका दिवसाचा आणि एका रात्रीचा अध्यक्ष. खजिन्याच्या आणि दप्तरखान्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर त्याच्या हाती. पुन्हा आयुष्यात हे पद नाही. तेव्हाच्या प्रौढ पुरुष नागरिकांची संख्या काळानुसार ३० ते ६० हजारांच्या दरम्यान धरतात. म्हणजे आपल्या कुटुंबात, शेजारात, गावात कोणीतरी राज्य चालवून आलेले आहे, हा सामान्य अनुभव होता.

आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे पद सोडतानाचा हिशेब. प्रत्येक अधिकाऱ्याने, सेनापतीपासून बाजाराच्या निरीक्षकापर्यंत, पदावरून उतरल्यावर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. आधी पैशांचा, तो तपासनीसांपुढे आणि न्यायमंडळापुढे. त्यानंतर तीन दिवस प्रत्येक टोळीचा तपासणी अधिकारी बाजारपेठेत आपल्या टोळीच्या वीरपुरुषाच्या पुतळ्यापाशी बसे. कोणीही नागरिक येऊन पांढऱ्या फळीवर आपले नाव, अधिकाऱ्याचे नाव, तक्रार आणि शिक्षा काय व्हावी ते लिहून देऊ शकत होता. बाजार भरलेला असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लोकांच्या निवाड्यातून पेरिक्लिसही सुटला नाही. त्याला दंड झाला, आणि पुढे पुन्हा सेनापती म्हणून निवडलेही गेले.

याच अनुभवातून ॲरिस्टॉटल म्हणतो की पदे चिठ्ठीने भरणे हे लोकशाहीचे लक्षण, निवडणुकीने भरणे हे मूठभरांच्या राज्याचे. निवडणूक नावारूपाला आलेल्याला, पैसेवाल्याला, बोलक्याला वर आणते, हे त्यांना उघड दिसत होते. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला ग्रीकांचे उत्तर सरळ आहे. मतदान हा नागरिकाच्या कामाचा सुरुवातीचा आणि सगळ्यांत सोपा भाग. पाच वर्षांतून एकदा दुसऱ्याला आपल्या जागी बसवणे आणि मधल्या काळात प्रेक्षक होणे, याला ते नागरिकत्व म्हणालेच नसते.

आता गुलामगिरीचा आक्षेप. तो खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. अथेन्समध्ये स्त्रियांना सभेत जागा नव्हती. गुलाम माणसांत धरले जात नव्हते. लॉरियमच्या चांदीच्या खाणीत ते खपत होते आणि त्या चांदीतून आरमार उभे राहत होते. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले परके रहिवासी कर भरत, लढाईत मरत, पण नागरिक होत नसत. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसने कायदा केला की आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे मिलेटसच्या अस्पेशियापासून झालेला त्याचा स्वतःचा मुलगा या कायद्यात अडकला, आणि साथीच्या रोगात आधीचे दोन्ही मुलगे गेल्यावर त्याला लोकांपुढे अपवादाची विनंती करावी लागली. ॲरिस्टॉटलने काही माणसे जन्मतःच गुलाम असतात असे लिहिले, ते चूकच आहे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणे किती भयंकर असते हे आपल्याला ग्रीकांनी सांगायची गरज नाही.

पण हे सगळे ठाऊक असलेल्या, आणि जन्मावरून बाहेर ठेवले जाणे म्हणजे काय हे अंगावर सोसलेल्या माणसाने अथेन्सकडून काय घेतले ते पाहा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोटचा आधार घेतला. संविधानिक नैतिकता हा शब्द त्यांनी ग्रोटकडून उचलला, आणि ग्रोटने तो क्लाइस्थेनिसने इ.स.पू. ५०८च्या सुमारास अथेन्समध्ये घडवलेल्या लोकशाहीबद्दल लिहिताना वापरला होता. ग्रोटचे म्हणणे असे: संविधानाने घालून दिलेल्या पद्धतींबद्दल आदर, त्या पद्धतीने चालणाऱ्या अधिकाऱ्यांचे आज्ञापालन, आणि त्याच वेळी त्याच अधिकाऱ्यांवर मोकळेपणी कठोर टीका. शिवाय, पक्षापक्षांत कितीही कडवट भांडण असले तरी ही पद्धत आपल्या विरोधकालाही आपल्याइतकीच पवित्र वाटते, असा प्रत्येक नागरिकाच्या मनातला भरवसा. बाबासाहेबांनी पुढे जोडले की ही भावना उपजत नसते, ती मशागत करून रुजवावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. भारतातली लोकशाही हा मुळात लोकशाही नसलेल्या मातीवरचा वरवरचा थर आहे, हे वाक्य त्याच भाषणातले. अथेन्सची बहिष्कृती टाकून द्यायची आणि अथेन्सची सवय उचलायची, हा मार्ग त्यांनी आपल्याला दाखवला आहे. ग्रीकांकडे का जावे, याचे यापेक्षा चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

ती सवय मोडली की काय होते, हे अथेन्सच्याच इतिहासात आहे. हा प्रसंग मी प्रत्येक वर्गात सविस्तर सांगतो, इथेही सांगतो.

इ.स.पू. ४०६. स्पार्टाबरोबरचे युद्ध विसाव्या वर्षाच्या पुढे गेलेले. लेस्बॉस बेट आणि आशियाचा किनारा यांच्यामध्ये आर्गिनुसाई नावाची छोटी बेटे आहेत. तिथे अथेन्सने मोठी आरमारी लढाई जिंकली. पण अथेन्सची २५ जहाजे गेली, आणि फुटक्या जहाजांना धरून तरंगणाऱ्या माणसांना वाचवायला जाणार तोच वादळ आले. माणसे बुडाली. विजयी सेनापतींना पदावरून काढून परत बोलावले. लढाईत आठ सेनापती होते. दोघांनी परतायचे टाळले, सहा आले. त्यांत पेरिक्लिसचा तोच मुलगा होता, ज्याला अपवाद म्हणून नागरिक केले होते.

पहिल्या सभेत सेनापतींनी वादळाची गोष्ट सांगितली, जहाजांवरचे लोक साक्षीला उभे केले. लोकांना पटायला लागले होते, पण अंधार पडला, हात दिसेनात, मतमोजणी पुढे ढकलली. मधल्या दिवसांत कुळांचा एक सण आला, नातलग एकत्र येण्याचा. त्या काळचा इतिहासकार झेनोफोन सांगतो की सेनापतींच्या विरोधकांनी, यात थेरामेनिस नावाचा पुढारी पुढे होता, काळे कपडे घालून आणि डोकी भादरून माणसे सभेत आणली, जणू ते बुडालेल्यांचे नातेवाईक. एक जण उभा राहून म्हणाला की मी पिठाच्या पिंपाला धरून वाचलो, आणि बुडणाऱ्यांनी मला सांगितले की जिवंत राहिलास तर लोकांना सांग, देशासाठी लढणाऱ्यांना सेनापतींनी उचलले नाही. आज ही गोष्ट फोनवर चित्रफीत म्हणून आली असती.

मग कॅलिझेनस नावाच्या माणसाने परिषदेमार्फत ठराव मांडला: सगळ्यांचा फैसला एकदम, एकाच मतदानाने, आणि दोषी ठरल्यास मृत्युदंड. हे बेकायदा होते. युरिप्टोलेमसने, जो त्यांतल्या एकाचा नातलग होता, ठराव कायद्याविरुद्ध असल्याचा रीतसर आक्षेप घेतला. गर्दीतून ओरडा झाला की लोकांना हवे ते करू दिले जात नसेल तर ते भयंकर आहे. आक्षेप घेणाऱ्यांनाही त्याच मतदानात सेनापतींबरोबर धरा, अशी सूचना आली. आक्षेप मागे घ्यावा लागला. ठराव मतास टाकायचे काम त्या दिवशी अँटिओखिस टोळीच्या पन्नास जणांकडे होते. काहींनी नकार दिला. कॅलिझेनसने त्यांच्यावर तोच आरोप ठेवला, लोकांनी ‘यांनाही ओढा’ म्हणून आरोळ्या दिल्या, आणि ते घाबरून तयार झाले. एक जण सोडून. सोफ्रोनिस्कसचा मुलगा सॉक्रेटिस म्हणाला की कायद्याला सोडून मी काही करणार नाही. सॉक्रेटिसने साठी ओलांडेपर्यंत राजकीय पदे टाळली होती. चिठ्ठीने नाव निघाले म्हणून तो परिषदेत होता.

पुढचा भाग लोक विसरतात आणि मला तोच सगळ्यांत हृदयद्रावक वाटतो. युरिप्टोलेमस पुन्हा बोलला: माफी नको, फक्त प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा, दिवसाचे तीन भाग करा, आरोप ऐका, बचाव ऐका. हात वर झाले तेव्हा आधी त्याच्याच बाजूने कौल गेला. मग हरकत घेतली गेली, पुन्हा हात वर झाले, आणि या वेळी परिषदेचा ठराव जिंकला. सहाही सेनापती मारले गेले. थोड्याच काळात अथेन्सच्या लोकांना पश्चात्ताप झाला आणि ज्यांनी आपल्याला फसवले त्यांच्यावर खटले भरायचे ठरले. कॅलिझेनस निसटला, नंतर परत आला, पण त्याला कोणी जवळ करीना आणि तो उपासमारीने मेला. अनुभवी सेनापती मात्र परत आले नाहीत. पुढच्याच वर्षी अथेन्सचे जवळजवळ सगळे आरमार स्पार्टाच्या हाती पडले आणि इ.स.पू. ४०४ मध्ये शहर शरण गेले.

या एका प्रसंगात नागरिकाची किती कर्तव्ये आहेत ते मोजा. प्रत्येकाची बाजू वेगळी ऐकणे. रडणाऱ्याबरोबर रडायला लावून कोणी आपला निवाडा पळवत नाही ना, हे पाहणे. आक्षेप घेणाऱ्याला शत्रू न समजणे. पद्धत आपल्या रागाच्या आड येते तेव्हाही ती पाळणे, कारण ती नेमकी तेव्हासाठीच केलेली असते. वर्गात मी विचारतो की तुम्ही त्या सभेत असता तर काय केले असते? बहुतेक जण सॉक्रेटिस होतात. मग मी सांगतो की गावातला, शाळेतला, पक्षातला असा एखादा दिवस आठवा जेव्हा सगळे एका माणसावर तुटून पडले होते. तेव्हा वर्ग शांत होतो, आणि खरे शिकणे तिथून सुरू होते.

आता प्लेटोबद्दल. आर्गिनुसाईच्या वेळी तो विशीच्या आसपास होता. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्या गुरूला सुमारे ५०० जणांच्या न्यायमंडळाने दोषी ठरवले. सॉक्रेटिस स्वतः म्हणाला की तीस मते इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. प्लेटोचा लोकशाहीवरचा राग या जखमेतून आला. ‘रिपब्लिक’मध्ये तो एका जहाजाचे चित्र काढतो: मालक धिप्पाड पण जरा बहिरा आणि कमी दिसणारा, खलाशी सुकाणूसाठी भांडणारे, आणि ताऱ्यांचे, वाऱ्याचे ज्ञान असलेल्याला सगळे निरुपयोगी ताऱ्यांकडे बघत बसणारा म्हणून हिणवतात. त्याचे उत्तर, तत्त्वज्ञांनी राज्य करावे, मला मान्य नाही. पण रोगाचे निदान अचूक आहे. गोड बोलणारा आणि खरे सांगणारा यांतला फरक ओळखण्याची ताकद लोकांत नसेल तर लोकशाही गोड बोलणाऱ्याची होते.

प्लेटोचे मोठेपण असे की विरुद्ध बाजूचा सर्वोत्तम युक्तिवादही त्यानेच जपून ठेवला. प्रोटॅगोरस या नामवंत शिक्षकाच्या तोंडी त्याने एक कथा घातली आहे. माणसे एकमेकांना मारून संपतील या भीतीने देवांचा राजा झ्यूस आपला दूत हर्मिस याला लाज आणि न्यायबुद्धी घेऊन पाठवतो. हर्मिस विचारतो, वैद्यकी जशी थोड्यांना दिली तशी ही थोड्यांना देऊ का सगळ्यांना? झ्यूस म्हणतो, सगळ्यांना. थोड्यांकडेच असेल तर नगरे टिकणार नाहीत. म्हणून जहाज बांधायचे असेल तर सभा सुतारांचे ऐकते, पण नगराच्या भल्याचा प्रश्न आला की लोहार, चांभार, व्यापारी, श्रीमंत, गरीब कोणीही उठून बोलतो. ॲरिस्टॉटल त्यात भर घालतो: घर चांगले आहे की नाही हे गवंड्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळते, आणि जेवणाचा निवाडा आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याने करावा.

म्हणजे निवाड्याचा अधिकार सगळ्यांचा, पण तो माहितीवर उभा हवा. हे दोन्ही एकत्र कसे बसवायचे? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने आपल्या पद्धतीने ते करून दाखवले आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेली असते. त्यामागची रचना कमी लोकांना ठाऊक असते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, चर्चा होते, प्रश्न विचारले जातात, पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. प्लेटोचा ज्ञानाचा आग्रह आणि प्रोटॅगोरसचा सगळ्यांचा हक्क, दोन्ही तिथे आपापल्या जागी बसलेले दिसतात. या गावाने वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क देशात सर्वांत आधी मिळवलेल्यांपैकी एक म्हणून मिळवला, तो याच सवयीच्या जोरावर, असे माझे मत आहे.

निवाड्याचे आणखी एक कर्तव्य आहे, पुन्हा विचार करण्याचे. इ.स.पू. ४२७ मध्ये मिटिलीनी नगराने बंड केले म्हणून अथेन्सच्या सभेने तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारायचे ठरवले आणि जहाज रवाना केले. दुसऱ्या दिवशी लोकांनाच हे क्रूर वाटले, सभा पुन्हा भरली. क्लिऑन नावाच्या पुढाऱ्याने निर्णय बदलू नका म्हणून दरडावले. गंमत म्हणजे लोकांवर सगळ्यांत तिखट आणि खरा आरोप त्यानेच केला: तुम्ही भाषणांचे प्रेक्षक झाला आहात आणि घडलेल्या गोष्टी नुसत्या ऐकून घेता. डायोडोटस नावाच्या माणसाने त्याला उत्तर दिले. घाई आणि राग हे चांगल्या सल्ल्याचे दोन शत्रू, असे तो म्हणाला. थोडक्या मतांनी तो जिंकला. दुसरे जहाज सुटले. वल्ही मारणारे दारू-तेलात कालवलेले जवाचे पीठ खात खात वल्ही मारत राहिले, झोपले ते पाळीपाळीने. पहिल्या जहाजाचा सेनापती हुकूम वाचून अंमलाच्या तयारीत असतानाच ते पोचले. बंडाच्या म्होरक्यांना मारलेच गेले. पण नगर वाचले.

आणि आणखी एक कर्तव्य, दुसऱ्याचे तयार मत आपले म्हणून न टाकण्याचे. अथेन्समध्ये खापरावर नाव लिहून एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षे हद्दपार करता येई. अॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याचे नाव लिहिलेली सुमारे १९० खापरे एकत्र सापडली. अक्षरे तपासली तर ती फार थोड्या, चौदाएक, हातांची निघाली. कोणीतरी आधीच लिहून ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती द्यायला. न वाचता पुढे पाठवलेला प्रत्येक संदेश याच जातीचा.

आपल्याकडे निवाड्याच्या जागा कमी झाल्या आहेत हे खरे. ज्युरी होती, ती गेली. मुंबईत १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटले, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. वृत्तपत्रांच्या गदारोळात सापडलेली ज्युरी पाहिली तर त्यामागचे कारण समजते, पण त्याबरोबर सामान्य माणसाची न्यायाला बसण्याची सवयही गेली, याचे मला वाईट वाटते. संविधानाच्या ५१-क कलमातली अकरा मूलभूत कर्तव्ये वाचा. त्यांत निवाड्याचा, हिशेब मागण्याचा उल्लेख नाही, मतदानाचाही नाही.

तरी जागा आहेत. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य आहे, आणि महाराष्ट्राच्या कायद्यात सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची आहे. अथेन्सला जे कधीच सुचले नाही ते आपल्या कायद्यात लिहिलेले आहे. पण गावोगावी काय घडते? गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी संख्या लागते. तेवढे जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही, आणि दहाबारा जणांत वर्षाचा आराखडा, लाभार्थ्यांची यादी, खर्चाची मंजुरी होऊन जाते. अथेन्समध्येही महत्त्वाच्या काही ठरावांना ६,००० जण लागत, आणि तेवढे जमवण्यासाठी पुढे सभेलाही भत्ता सुरू करावा लागला. सभा रिकामी राहण्याचा प्रश्न जुनाच आहे. त्यांनी त्यावर उपाय केला, आपण पळवाट काढली. शहरातल्या वाचकांनी आपल्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आणावी. हिशेब वाचायला सुरुवात झाली की मागून ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज येतात आणि सगळे चहाकडे वळतात. बाजारपेठेत तक्रारी घ्यायला बसलेल्या त्या तपासणी अधिकाऱ्याची जागा आपण इथे रिकामी सोडतो.

तिसऱ्या प्रश्नाला, एकट्याने काय होते, याला वरच्या दोन गोष्टींत उत्तर आहे. सॉक्रेटिस हरला आणि सहा माणसे मेली. डायोडोटस थोडक्या मतांनी जिंकला आणि एक नगर वाचले. हे एक भाषण सोडले तर इतिहासाला डायोडोटसबद्दल जवळजवळ काहीच ठाऊक नाही. उभे राहताना दोघांपैकी कोणालाही शेवट माहीत नव्हता. शिवाय दोघांनी केलेले काम अगदी लहान होते: ठराव मतास टाकायला नकार, आणि एक भाषण.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला किंवा संस्थेच्या सभेला जाणार असाल तर काय करायचे ते सांगतो. माझ्या प्रशिक्षण वर्गांत मी हेच सांगतो. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका आधी मागून घ्या, आणि शेजारच्या दोन घरांत वाचून दाखवा. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचल्याशिवाय कायम होऊ देऊ नका. जमाखर्च वाचला जाईल तेव्हा एकच बाब निवडा, गटाराची किंवा दिव्यांची, आणि तिचे बिल पाहायला मागा. सगळ्यावर एकदम प्रश्न विचारले की सगळीच उत्तरे टाळता येतात. ग्रामपंचायतीने बिल दाखवले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, ते मोठ्याने विचारा. अथेन्समध्ये बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर तो मंजूर झाल्यानंतरही खटला भरता येत असे, निदान आपल्याकडे नाव तरी माहीत असावे. एखाद्या माणसाविरुद्ध ठराव आला तर त्याला बोलू द्या, असे तुम्ही म्हणा, तो तुमच्या विरोधी गटातला असेल तर आवर्जून म्हणा. आणि पटले नाही तर विरोध एकट्याचा असला तरी तो नावासकट इतिवृत्तात लिहायला सांगा, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (आधीच्या ग्रामसेवकाने) काय लिहिले आहे ते सभा उठण्यापूर्वी वाचून घ्या.